घर बांधताना माल वाया कुठे जातो आणि तो कसा वाचवायचा: सोलापूरच्या साइटवरून सविस्तर

जुळे सोलापूर असो, विजापूर रोड असो की अक्कलकोट रोडकडचं नवं प्लॉटिंग, काम संपत आलं की घरमालक हमखास विचारतो, "हा राडारोडा उचलायला ट्रॉलीवाला किती घेईल?" खरं तर ट्रॉलीचं भाडं हा त्या ढिगाचा सगळ्यात किरकोळ खर्च. ढिगातली वीट आपण विकत घेतलेली असते. ती उतरवायची हमाली दिलेली असते. बिगाऱ्याने ती डोक्यावरून वर नेलेली असते, तिथे ती फुटते, आणि मग खाली आणायची मजुरी वेगळी. एवढं सगळं झाल्यावर शेवटी ट्रॉली येते.

शिवाय वाया गेलेला बराच माल ढिगात दिसतच नाही. तो जाड गिलाव्यात, फुगलेल्या स्लॅबमध्ये, जमिनीत मुरलेल्या वाळूत आणि भंगारवाल्याच्या काट्यावर असतो. म्हणून राडारोड्याचा विचार नकाशापासून सुरू करायचा. हा लेख मुख्यतः हजार ते तीन हजार चौरस फुटांचं घर लेबर रेटने, म्हणजे माल स्वतःचा आणि मजुरी ठेकेदाराची अशा पद्धतीने, बांधणाऱ्यांसाठी आहे. मोठ्या स्कीमवाल्यांना यातलं बरंच लागू पडेल, पण त्यांच्याकडे निदान स्टोअरकीपर तरी असतो.

१. मोडतोड कागदावर करा

साइटवर सगळ्यात जास्त राडा घरमालकाच्या बदललेल्या मनामुळे होतो. जोतं झाल्यावर वास्तूवाले काका येतात आणि स्वयंपाकघर आग्नेयेला सरकतं. विटकाम झाल्यावर मोठी वहिनी संडासाचं दार फिरवायला सांगते. गिलावा झाल्यावर टीव्हीची भिंत बदलते आणि इलेक्ट्रिशियन नव्या गिलाव्यात झिऱ्या (वायरच्या पाइपसाठी खाचा) मारत सुटतो. ज्यांचं ज्यांचं ऐकायचं आहे, त्यांना पाया खोदण्याआधी नकाशासमोर बसवा. नंतर एखादी भिंत हलवायची तर तिचा माल आणि मजुरी दोनदा लागते, मधल्या पाडकामाची मजुरी वेगळी.

खोल्यांची मापं ठरवताना मालाच्या मापाकडेही बघा. दोन बाय दोनची फरशी बसवायची असेल तर १० बाय १२ च्या खोलीला बरोबर ३० फरश्या लागतात, एकही कापावी लागत नाही. तीच खोली साडेदहा बाय साडेबारा केली की दोन बाजूंना सहा-सहा इंचांच्या पट्ट्या येतात. त्या दिसायला वाईट म्हणून गवंडी दोन्हीकडे सारखे काप घेतो आणि कापलेले तुकडे कोपऱ्यात जाऊन पडतात. हे माप गिलावा झाल्यानंतरचं, आतल्या बाजूचं धरायचं. विटेच्या किंवा ब्लॉकच्या थरांचा मेळ लिंटलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) उंचीशी घातला, तर शेवटच्या थरात तुकडे भरायची वेळ येत नाही.

विटकाम उरकलं की गिलाव्याआधी एक अख्खा दिवस इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरला द्या. भिंतीवर खडूने प्रत्येक बोर्ड, प्रत्येक नळ आखून घ्या. झिऱ्या तेव्हाच मारायच्या, पाइप टाकायचे, मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे, आणि मगच गिलावा.

२. माल वाया गेला तर भरणार कोण, हे करारात लिहा

आपल्याकडे बहुतेक घरं लेबर रेटवर होतात: माल मालकाचा, मजुरी ठेकेदाराची, हिशेब चौरस फुटावर. यात ठेकेदाराला काम लवकर उरकण्यात फायदा असतो, माल वाचवण्यात काडीचाही नाही. अर्धी वीट शोधण्यापेक्षा अख्खी फोडणं त्याला स्वस्त पडतं, कारण वीट तुमची आणि वेळ त्याचा. यात त्याचा स्वभाव वाईट आहे असं नाही, हिशेबच तसा मांडलेला असतो.

म्हणून करारात घट, म्हणजे किती माल वाया गेला तरी चालेल ते, ठरवून टाका. माझ्या मते सळईला ३ टक्के, विटांना ५, फरशीला ५ आणि सिमेंटला २ टक्के घट वाजवी आहे. इंजिनिअरने काढलेल्या परिमाणात एवढी घट मिळवायची, त्यावर लागलेला माल बिलातून वजा करायचा. पण दुसरी बाजूही लिहा: त्याहून कमी लागला तर वाचलेल्या रकमेतला अर्धा वाटा ठेकेदाराचा. नुसत्या दंडावर कुणी माल वाचवत नाही, उलट कमी सिमेंटचा माल कालवून आकडा जुळवण्याची भीती असते. त्यामुळे सिमेंटवर बक्षीस ठेवायचं असेल तर मिश्रण मोजून घालण्यासाठी तुमचा माणूस मिक्सरपाशी उभा हवा. ते जमणार नसेल तर सिमेंट बक्षिसातून वगळा.

आणखी दोन ओळी घाला. रोज संध्याकाळी साइट झाडून माल आपापल्या ढिगात लावण्याचं काम ठेकेदाराचं. आणि भंगार मालकाचं. ही दुसरी ओळ नसली की सळईचे तुकडे जरा जास्तच पडू लागतात.

३. जुनं घर पाडायचं असेल तर

शुक्रवार पेठ, बाळीवेस या जुन्या भागांत दगड-मातीची, माळवदाची घरं पाडून नवी होतात. तिथे पाडकाम उक्तं देऊन जुना सगळा माल ठेकेदाराला सोडून देण्याची पद्धत आहे. देण्याआधी यादी करा: सागवानी तुळया, चौकटी, दारं, खिडक्यांचे गज, शहाबादी फरशी, घडीव दगड, पत्रे. जुन्या सागवानाला चांगली किंमत येते. पुष्कळदा ती पाडकामाच्या मजुरीहूनही जास्त भरते, आणि तुम्ही मात्र वर पैसे देत असता.

पाडायचा क्रम बांधण्याच्या उलटा. आधी वीज आणि पाणी तोडून घ्यायचं, मग दारं-खिडक्या, मग छप्पर, तुळया, शेवटी भिंती. जेसीबी पहिल्याच दिवशी लावला तर काम दुपारपर्यंत संपतं, पण लाकूड, दगड, माती एकत्र होऊन त्याची किंमत शून्य होते. गल्ली अरुंद असेल तर जेसीबीचा प्रश्न आपोआपच सुटतो. जुने सिमेंट पत्रे मात्र फोडू नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. पाणी मारून, अख्खेच्या अख्खे उतरवून वेगळे ठेवा.

घडीव दगड कंपाउंडच्या पायात जातो. शहाबादी फरशी अंगणात, गच्चीच्या पायरीला, कपडे धुण्याच्या जागेला पुन्हा चालते. भिंतींची पांढरी माती शेतात टाकायला शेतकरी नेतात, फक्त तिच्यात प्लास्टिक, काचा आणि सिमेंटचे ढेकळ नकोत.

४. खोदाईत तीन थर, तीन ढीग

सोलापुरात खोदायला लागलं की बहुतेक ठिकाणी वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली बेसॉल्टचा खडक लागतो. जेसीबीवाला हे सगळं एकाच ढिगात ओढतो, आणि मग त्या ढिगाचा कुणालाच उपयोग नसतो. त्याला आधीच सांगा: काळी माती एका कडेला, मुरूम दुसरीकडे, दगड तिसरीकडे.

काळी माती जोत्यात भरू नका. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरची फरशी हलते. शेतात किंवा बागेत मात्र तिला मागणी असते. मुरूम जोत्याच्या भरणीला ठेवायचा. तो विकून किंवा फेकून महिन्याभराने दुसरा मुरूम विकत आणणारे मालक कमी नाहीत. दगड सोलिंगला (फरशीखालच्या दगडांच्या थराला) आणि कंपाउंडच्या पायाला.

प्लॉटवर जागा नाही ही अडचण खरी आहे. तेवढ्यासाठी शेजारचा मोकळा प्लॉट चार महिने मागून घ्या, मालकाला लेखी द्या आणि काम झाल्यावर साफ करून द्या. माती-मुरूम त्याच प्लॉटवर वापरला तर प्रश्न येत नाही. बाहेर न्यायचा झाला की गौण खनिजाचे नियम लागतात, तेव्हा गाडी भरण्याआधी तहसील कार्यालयात विचारा.

५. माल घेताना आणि ठेवताना

वाळू-खडी ब्रासवर येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. टिपर आला की हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा, गुणाकार करा, १०० ने भागा. हौदा १२ फूट लांब, ७ फूट रुंद आणि माल सरासरी अडीच फूट भरलेला असेल तर २१० घनफूट, म्हणजे २.१ ब्रास. चालक "तीन ब्रास हाय की ओ" म्हणत असला तरी टेप खोटं बोलत नाही. मधला उंचवटा बघून उंची धरू नका, माल फावड्याने सपाट करून मगच मोजा.

क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) थेट मातीवर ओतली की ढिगाचा खालचा थर मातीत जातो आणि शेवटी तो खरवडून वापरला जातो. म्हणजे वाळूही गेली आणि गिलाव्यात मातीही आली. आधी दोन इंचांचा कच्चा कोबा किंवा जुनी फरशी अंथरा, तीन बाजूंनी विटांचा दोन थरांचा बांध घाला. रस्त्यावर ढीग टाकलात तर गाड्यांच्या चाकांनी तो हळूहळू पसरतो, आणि महापालिकेचा दंड वेगळा.

सिमेंट फळ्यांवर, जमिनीपासून सहा-आठ इंच वर आणि भिंतीपासून दीड-दोन फूट लांब, दहाच्या वर थर नको. गोणीवर उत्पादनाचा आठवडा छापलेला असतो, आधी आलेली गोणी आधी फोडायची. तीन महिने पडलेलं सिमेंट तपासल्याशिवाय आरसीसीत (सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये) वापरू नये. मला तर हे कळत नाही की होटगी, टिकेकरवाडीला सिमेंटचे कारखाने असलेल्या शहरात लोक दोनशे गोण्या एकदम का भरून ठेवतात. आठ-दहा दिवसांचा माल घ्या, भाव चार रुपयांनी वाढला तरी चालेल.

विटांची गाडी हायड्रॉलिकने ओतू देऊ नका, हाताने उतरवून रचायला लावा. हमाली थोडी जास्त जाते, पण ओतलेल्या गाडीत फुटलेल्या विटा मोजल्यात की ती जास्त वाटणार नाही. रचलेल्या विटांची संख्याही लगेच कळते. गवंडी जिथे काम करणार तिथेच, त्याच मजल्यावर रचा. प्रत्येक उचल-ठेवीत काही विटा जातातच.

६. सळई: एका संध्याकाळचा कागद

सगळ्यात जास्त पैसा इथे वाचतो आणि तोही नुसत्या पेन्सिलीने. सळई साधारण १२ मीटरची येते. फिटर, म्हणजे सळई कापून बांधणारा कारागीर, ज्या क्रमाने काम करतो त्या क्रमाने कापतो, आणि उरलेले तुकडे तसेच पडून राहतात.

समजा बीमसाठी १६ मिमीचे ५.२ मीटरचे १० आणि ६.८ मीटरचे १० तुकडे हवेत. फिटरने आधी ५.२ चे कापले तर ५ सळया लागतील आणि प्रत्येकीतून १.६ मीटर उरेल. पुढच्या आठवड्यात ६.८ चे कापले तर आणखी १० सळया. एकूण १५. पण ५.२ आणि ६.८ मिळून बरोबर १२ होतात! एकाच सळईतून दोन्ही काढले तर १० सळयांत काम होतं. वाचलेल्या ५ सळया म्हणजे ६० मीटर.

वजन काढायचं सूत्र फिटरलाही पाठ असतं: मिमीमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो. १६ मिमीला १.५८. साठ मीटरचे साधारण ९५ किलो झाले. हिशेबापुरता किलोला ६० रुपये भाव धरा, एका कागदाने ५,७०० रुपये राखले. उरलेले तुकडे भंगारात गेले असते तर नव्या सळईचा भाव काही आला नसता.

तेव्हा ड्रॉइंग आलं की इंजिनिअरकडून सळई कापण्याची यादी मागा. व्यासानुसार सगळ्या लांब्या एका कागदावर मोठीपासून छोटीपर्यंत लिहायच्या आणि १२ च्या जोड्या लावायच्या. रिंगांचंही (सळयांभोवती बांधायच्या चौकोनी कड्यांचंही) तसंच. ९ बाय १५ इंचांच्या बीमची रिंग कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) सोडून साधारण १.१८ मीटरची होते, म्हणजे एका सळईतून दहा निघतात आणि वीतभरच उरतं. एक मीटरपेक्षा लांब तुकडे व्यासानुसार वेगळे उभे करून ठेवा. छज्जा, लिंटल, खुर्च्या (वरची सळई उचलून धरणारे आधार), पायऱ्यांच्या जादा सळया त्यांतून निघतात. एक मात्र सांभाळा: लॅपची (दोन सळया एकमेकींवर येतात त्या भागाची) लांबी आणि रिंगांमधलं अंतर ड्रॉइंगमध्ये आहे तेच. सळई वाचवायची ती कापण्यातून, घालण्यातून नव्हे.

७. स्लॅब

स्लॅब पाच इंचांचा ठरलेला असतो. सेंट्रिंग (स्लॅबखालचा फळ्या-टेकूंचा साचा) दबलं किंवा लेव्हल नीट लावली नाही तर तो साडेपाच होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दीड हजार चौरस फुटांवर अर्धा इंच म्हणजे साधारण ६२ घनफूट जादा काँक्रीट, आणि १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) च्या मिश्रणात त्यात १४ गोण्या सिमेंट जातं. शिवाय तेवढं वजन बीमवर कायमचं बसतं. काँक्रीटच्या आदल्या दिवशी लेव्हल ट्यूबने सगळे कोपरे आणि मध्य तपासा, टेकू मातीवर नव्हे तर फळीवर उभे करा, आणि ओतताना ठरलेल्या उंचीची खूण केलेली सळई हातात घेऊन फिरा.

रेडीमिक्स (प्लँटवरून तयार येणारं काँक्रीट) मागवत असाल तर सगळ्या गाड्या आधीच सांगू नका. शेवटची गाडी राखून ठेवा, पाऊण स्लॅब भरला की उरलेली जागा मोजा आणि तेवढेच घनमीटर सांगा. प्लँटशी हे आधी बोलून ठेवायला हवं. तरीही थोडं उरतंच. त्यासाठी साचे तयार ठेवा: कव्हर ब्लॉक, चेंबरची झाकणं, कुंपणाचे खांब.

८. विटकाम आणि गिलावा: भिंतीत गाडलेला खर्च

विटकामात डोळ्यांना दिसतो तो भिंतीच्या पायथ्याला पडलेला माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू. गोणपाट किंवा जुना फ्लेक्स अंथरा, पडलेला माल लगेच उचलून परत पाटीत घ्या. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सिमेंटचा माल भराभर कडक होतो. अशा वेळी अर्ध्या तासाला पुरेल एवढाच कालवा. जेवणाच्या सुट्टीआधी घमेलंभर जास्त कालवला की तो फेकला जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाणी मारून पुन्हा वापरला जातो. लाल विटा आधी भिजवा, कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते. इथे आसपास पुष्कळ मिळणाऱ्या फ्लाय अ‍ॅशच्या विटांना नुसता शिडकावा पुरतो.

पण मोठा खर्च ओळंब्यात, म्हणजे भिंत सरळ उभी आहे की नाही यात, असतो. आतला गिलावा १२ मिमीचा धरलेला असतो. भिंत ओळंब्यात नसेल, एकेक वीट पुढे-मागे असेल, तर तो २० मिमी होतो. दर हजार चौरस फुटांमागे ते जादा ८ मिमी म्हणजे १:४ च्या (एक सिमेंट, चार वाळू) मालात साडेपाच-सहा गोण्या सिमेंट आणि पाव ब्रासहून जास्त क्रश सँड. साध्या तीन खोल्यांच्या घरातही आतला गिलावा काही हजार चौरस फूट भरतो, गुणाकार तुम्हीच करा. त्यामुळे दर चार थरांनी ओळंबा आणि दोरी लावून भिंत तपासायची. वाकडी भिंत त्याच दिवशी उतरवायची. "गिलाव्यात घेतो की ओ साहेब" हे सोलापुरातलं सगळ्यात महाग वाक्य आहे.

किती विटा लागायला हव्यात याचा पुस्तकी आकडा कामाचा नाही, कारण प्रत्येक भट्टीची वीट वेगळी. पहिल्या दिवशी दहा बाय दहाची भिंत तुमच्यासमोर बांधून घ्या आणि विटा मोजा. तोच आकडा पुढे हिशेबाला धरा. गिलाव्याला १२ मिमी, १:४ धरून दर १०० चौरस फुटांना एक गोणी पुरायला हवी. दीड लागली तर ओळंबा तपासा, नाहीतर मिश्रण.

अद्धे (अर्ध्या विटा) फेकायचे नाहीत. जोडाच्या थराला, कोपऱ्याला ते लागतातच. फुटके तुकडे एका जागी साठवा, कारण गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करायचा असतो आणि संडास-बाथरूमचे खड्डे भरायचे असतात. त्या वेळी बाजारातून विटांचे तुकडे विकत आणणारी साइट म्हणजे आधीचे सहा महिने स्वतःचे तुकडे फेकलेली साइट.

९. चार ढीग

साइटच्या एका कडेला चार कप्पे करा, जुन्या पत्र्याच्या आडोशाचेही चालतील. पहिल्यात वीट आणि वाळलेला माल, दुसऱ्यात काँक्रीटचे तुकडे, तिसऱ्यात लोखंड-लाकूड-प्लास्टिक-गोण्या, चौथ्यात माती. पाटी लावू नका, वाचणार कोणी नाही. प्रत्येक कप्प्यात पहिला नमुना तुम्ही स्वतः टाका आणि मुकादमाला दाखवा.

वेगळं केलेलं विकता येतं किंवा वापरता येतं. रिकाम्या गोण्या, पीव्हीसीचे तुकडे, तार आणि खोकी भंगारवाला येऊन नेतो. विटा-काँक्रीटचे तुकडे रॅम्पखाली, अंगणाच्या सोलिंगला जातात, पण त्यात लाकूड किंवा जिप्सम नको. घणाने फोडलेली काँक्रीटची खडी मात्र स्लॅब-कॉलममध्ये घालू नका. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने काँक्रीटपासून बनवलेल्या पुनर्वापराच्या खडीला परवानगी दिली आहे, पण आरसीसीत एम २५ ताकदीपर्यंतच आणि २० टक्क्यांपर्यंतच, आणि तीही तपासलेली, प्लँटमधून आलेली. पायाखालच्या हलक्या पीसीसीत (सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये) ती पूर्ण चालते.

आता ट्रॉली. मिसळलेल्या ढिगात गोण्या, थर्माकोल, पाइप असले की अर्ध्या ट्रॉलीत हवाच जाते आणि भाडं पूर्ण लागतं. कप्पे केले असतील तर बाहेर जाणारा माल थोडा आणि जड राहतो, फेऱ्या कमी होतात. टाकायची जागा आणि दर महापालिकेच्या झोन ऑफिसात विचारून घ्या, आणि ट्रॉलीवाल्याला माल कुठे ओतला याचा फोटो मागा. तो ओढ्यात ओतून मोकळा झाला तर नोटीस तुमच्या पत्त्यावर येते.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून जास्त राडारोडा करणाऱ्या प्रकल्पांना असेच वेगवेगळे ढीग आणि आराखडा बंधनकारक केला होता. त्यांच्या जागी आलेले २०२५ चे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत आणि त्यांचा मुख्य रोख २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. आपलं घर त्यात बसत नाही, पण राडारोडा रस्त्यावर किंवा नाल्यात टाकायची मुभा त्यामुळे मिळत नाही.

१०. शंभर पानी वही

वहीत तीन रकाने पुरतात: आलं, लागलं, शिल्लक. सिमेंट, सळई, विटा, वाळू, एवढ्यांचंच लिहा. दर शनिवारी पगाराच्या आधी शिल्लक मोजा आणि झालेल्या कामाशी ताडून बघा. फरक दिसला तर त्याच आठवड्यात विचारा, महिन्याने कुणाला काही आठवत नाही. वही घरातल्या ज्याला चौकस सवय आहे त्याच्याकडे द्या. निवृत्त काका किंवा आजोबा या कामाला उत्तम.

दुकानदाराशी सुरुवातीलाच बोलून ठेवा की न फोडलेली खोकी, अख्खी सिमेंटची गोणी, न वापरलेले पाइप तो परत घेईल, आणि बिलावर तसं लिहून घ्या. फरशीचं एक खोकं मात्र परत करू नका. पाच वर्षांनी एखादी तडकली तर तीच छटा पुन्हा मिळत नाही आणि मग अख्ख्या खोलीची फरशी उखडावी लागते.